टाकीतले जावईबापू

माझ्या धाकट्या भावाला आमच्या घरात सगळे मौनीबाबा म्हणतात. नाव मीच ठेवलंय. लहानपणी पायात काच घुसली तरी हा सांगायचा नाही, लंगडताना दिसला की आम्हीच ओळखायचं. मी त्याच्या अगदी उलट. माझी सगळी नोकरी बसस्टँडच्या तिकीट खिडकीत गेली. जाळीपलीकडच्या माणसाला ऐकू जावं म्हणून ओरडून बोलायची सवय लागली, ती निवृत्त झाले तरी सुटली नाही. तर हे आमचे मौनीबाबा पावाच्या कारखान्यात भट्टीवर, आणि तेही कायमचे रात्रपाळीला. लोकांना सकाळी ताजा पाव लागतो. तो काही आभाळातून पडत नाही, कुणीतरी रात्रभर भट्टीसमोर उभं राहून भाजतं.

माझी भावजय कपडे दुरुस्त करून देण्याच्या दुकानात होती. उसवलेली शिवण घालायची, चेन बदलायची, पँटी आखूड करायच्या. ती सकाळी निघायची, संध्याकाळी यायची. तो संध्याकाळी निघायचा, सकाळी यायचा. दोघांची गाठ पडायची जिन्यात.

"डबा ओट्यावर ठेवलाय."

"बरं."

"नळवाला येऊन गेला."

"हं."

झाला संसार! मी तिला म्हणायचे, "अगं, तुमचं लग्न झालंय की तुम्ही आळीपाळीनं त्या घराची राखण करता?" ती हसायची. मुलगा एकुलता एक, तो नोकरीसाठी लांब गेलेला. रविवारी फोन करायचा आणि तोही घाईत असायचा. एकदा ती मला सहज म्हणाली, "ताई, संध्याकाळी घरी आले ना, की मी भाजी चिरता चिरता भाजीचं नाव मोठ्यानं घेते. नुसतंच. घरात आवाज व्हावा म्हणून." 

दिवसपाळीसाठी मी भावाच्या मागे लागले होते. "माग ना रे साहेबाकडे!"

"मागितली."

"काय म्हणाला?"

"बघू म्हणाला."

आता यानं ती कशी मागितली असेल ते मला न बघताही माहीत आहे. दारात उभा राहिला असेल, ओठ हलवले असतील, साहेबाला वाटलं असेल हवा आली. कारखान्यात जे आरडाओरडा करायचे त्यांना दिवसपाळी मिळायची. भट्टीवरचा हात चांगला आणि तोंड बंद, असा माणूस कोण सोडतो हो रात्रपाळीतून?

आणि एक दिवस भावजयीचा मला फोन आला. आवाज असा की मला वाटलं, मुलाचं लग्न ठरलं. "ताई, हे माझ्याशी बोलले! चहा गार होईपर्यंत बोलत होते!"

कारखान्यातून येताना रस्त्यात एक रंगीत माशांचं दुकान लागतं. पहाटे ते बंद असतं, पण काचेआड एक निळी टाकी उजळलेली असते, समुद्राच्या पाण्याची. तिच्यात खडक, खडकावर फुलांसारखी उघडणारी प्रवाळं आणि दोन केशरी मासे. भाऊ म्हणे रोज तिथे थांबायचा. किती वर्षं थांबत होता कुणास ठाऊक, बोलला त्या दिवशी. आणि तिनं काय म्हणावं? "अहो, मग आपण आपल्या घरात करू या की."

मी धावत गेले. धावत म्हणजे काय, तीन जिने, माझे गुडघे आणि लिफ्ट नावालासुद्धा नाही. वर पोचले ती चिडलेलीच. "डोकी ठिकाणावर आहेत का? मासेच पाळायचे तर साध्या पाण्यातले पाळा. समुद्र कशाला घरात आणताय?"  भावजय म्हणाली, "ताई, यात दोन माणसांचं काम असतं." 

पुढचे काही महिने त्या घरात जे चाललं ते मी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या सुट्टीच्या दिवशी तिनंही सुट्टी मागून घेतली. दोघं गुडघ्यांवर बसून टाकीखालचं टेबल समपातळीत आणत होते, ती एका बाजूनं पातळी बघायची, तो दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा. "थोडं वर. अहो, वर म्हटलं मी! हां, बास, बास." बादलीत शुद्ध केलेलं पाणी, त्यात दुकानातून आणलेलं समुद्राचं मीठ. ते ढवळायला भावानं कारखान्यातला मोठा लाकडी डाव आणला आणि पीठ मळावं तशा तन्मयतेनं ढवळत बसला. मग समुद्रातले जिवंत खडक आले. जिवंत म्हणजे त्यांच्या भोकाभोकांत बारीक जीव असतात, तेच पाणी मुरवतात, माशांना जगण्याजोगं करतात. तोपर्यंत मासा सोडायचा नाही. नुसतं पाणी, खडक आणि दिवा, आणि ही दोघं त्याच्यासमोर खुर्च्या टाकून बसलेली. मी विचारलं, "काय बघताय?" भावजय म्हणाली, "काही नाही. वाट बघतोय." इतकी खूश!

पहिलं भांडणही तेव्हाच झालं. टाकीतलं पाणी हळूहळू उडून जातं, पण मीठ आतच राहतं. म्हणून वर साधं शुद्ध पाणी घालायचं असतं. ती संध्याकाळी तसंच घालायची. आमचे भट्टीवाले सकाळी यायचे, यांना पातळी आणखी खाली वाटायची, आणि हे मिठाचं पाणी करून ओतायचे. कारण काय, तर पाणी गेलं म्हणजे मीठही गेलंच असणार! एकमेकांशी भेट नाही, मग विचारणार कुणाला? पहिलं आणलेलं प्रवाळ आक्रसून वाटाण्याएवढं झालं तेव्हा उलगडा झाला. जिन्यात दोघं अशी भांडली की खालची माणसं दारात आली. "तुम्ही समुद्र केलाय की लोणचं घातलंय?" असं ती म्हणाली आणि हा, माझा मौनीबाबा, चक्क ओरडला, "मग सांगायचंस ना!" शेजारीण मला सांगत होती, तुमचा भाऊ ओरडतो हो. मी म्हटलं, देव पावला.

पुढे टाकी छान बसली. दोन केशरी मासे आले, प्रवाळं आली. पण सुरुवातीचे ते दिवस संपले. सुट्ट्या संपल्या आणि पुन्हा तो रात्री, ती दिवसा. आता त्या टाकीचेही दोन वाटे झाले म्हणा ना. तो सकाळी यायचा तेव्हा दिवे लागलेले, प्रवाळं फुललेली, मासे खेळतायत. संध्याकाळी तो गेला की थोड्या वेळानं दिवे आपोआप बंद व्हायचे, आणि अंधारातली टाकी राहायची तिच्या वाट्याला.

मग प्रवाळं कुरतडली जाऊ लागली. सकाळी बघावं तर एखादं टोक तुटलेलं, एखादं बुडापासून गायब. दुकानवाल्यानं सांगितलं, खडकाच्या भोकातून खेकडा आलेला असणार. येतो तेव्हा हा नखाएवढा असतो, मग वाढतो, रात्री बाहेर पडतो आणि सगळं खाऊन टाकतो. त्याला काढलाच पाहिजे, नाहीतर टाकी गेली म्हणून समजा. भाऊ पेटला. त्यानं एक काचेचा ग्लास आत तिरपा लावला, तळाशी कोळंबीचा तुकडा ठेवला. खेकडा आत घसरतो आणि गुळगुळीत काचेवरून त्याला चढता येत नाही. कामावर जाताना तिला बजावून गेला, "नजर ठेव."

तिनं नजर ठेवली. चांगलीच ठेवली!

काही दिवसांनी मी संध्याकाळी तिच्याकडे राहायला गेले होते. तिनं घरातले दिवे घालवले, बॅटरीवर लाल कापडाचा तुकडा बांधला आणि मला टाकीसमोर बसवलं. "लाल उजेड त्याला कळत नाही, ताई. बोलू नका हं." मी बोलू नको! तरी बसले. तिच्या बोटात अंगुस्तान होतं, सुई टोचू नये म्हणून शिवणारे बोटात घालतात ती धातूची टोपी. तिनं ते काचेच्या कोपऱ्यावर वाजवलं. टिक, टिक. आणि खडकाच्या कपारीतून एक केसाळ, काळपट, लिंबाएवढा खेकडा बाहेर आला. तिरका तिरका चालत थेट त्या कोपऱ्यात येऊन उभा राहिला आणि दोन्ही नांग्या वर केल्या. तिनं लांब चिमट्यानं कोळंबीचा तुकडा आत धरला, त्यानं तो घेतला आणि तिथेच बसून खायला लागला. माणसासारखा, दोन हातांनी.

"अगं बाई!" मी ओरडलेच. खेकडा पसार.

"घाबरवलंत ना त्याला," ती म्हणाली. "एकदा मी कामावरून आले तेव्हा बोटातलं हे काढायचं राहिलं होतं. टाकी पुसताना काचेला लागलं, तर हा बाहेर. तेव्हापासून रोज येतो. पोट भरलं की प्रवाळाला तोंड लावत नाही, बघा ना, आता कुठे कुरतडलंय?"

"आणि तो ग्लास?"

"त्यातली कोळंबीच त्याला घालते. यांना सांगते, काही सापडलं नाही. कुरतडणं थांबलंय, त्यामुळे यांना वाटतं, तो मेला असणार."

मी पोट धरून हसले. ती पण हसली. म्हणाली, "जावईबापू म्हणते मी त्याला. मुलगी नाही तर नाही, जावई तर आहे. काम काही करत नाही, जेवायला मात्र वेळेवर हजर." आणि मग हसणं थांबवून म्हणाली, "ताई, यांना सांगू नका. हे त्याला काढून टाकतील. मला संध्याकाळी कुणीतरी आहे आता." माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे सगळ्या जगाला माहीत आहे, पण ही राहिली. भाऊ सुट्टीला घरी असला की ती दिवे उशिरापर्यंत चालू ठेवायची. तो बिचारा मासे बघत बघत खुर्चीतच घोरायला लागायचा. त्यानं त्या टाकीचा अंधार कधी पाहिलाच नाही.

गेल्या थंडीत भावजय गेली. संध्याकाळी छातीत दुखायला लागलं, शेजारणीनं दवाखान्यात नेलं, कारखान्यात फोन केला. भाऊ पोचला तो मैद्यानं भरलेल्या हातांनी, अंगावर कारखान्याचा एप्रन तसाच. तोवर सगळं संपलं होतं. मी त्याच्या शेजारी बसले होते. तो हातावरचं पीठ नुसतं चोळून काढत राहिला. मला वाटलं त्याला गदागदा हलवावं, रड म्हणावं. पण माझंच रडणं थांबेना.

आणि मग साहेबाला दया आली. भावाला न मागता दिवसपाळी दिली. ऐकून माझं डोकंच फिरलं. जेव्हा त्या घरात संध्याकाळी एक माणूस वाट बघत बसायचं तेव्हा तुमचं बघू, बघू चाललं होतं, आणि आता देताय? घरी कोण आहे आता? मी जाऊन त्या साहेबाला सुनावणारच होते. भाऊ म्हणाला, "जाऊ दे, ताई." तो दिवसपाळीला जाऊ लागला. कामावरून आला की जेवायचा, न जेवायचा, आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचा. टाकी बाहेरच्या खोलीत. तो सकाळी तिच्यात पाणी घालायचा, माशांना खाणं टाकायचा आणि निघायचा.

एका संध्याकाळी त्याचा फोन आला. स्वतःहून. मी घाबरलेच.

"ताई, उद्या दुकानवाला टाकी न्यायला येतोय."

"का रे?"

 तो म्हणाला, "प्रवाळं मरतायत. रोज एक जातं. नीट पाणी घालतो, मीठ मोजतो, तरी जातायत. तिच्या हातानं लावलेलं एकेक जातंय आणि मी बघत बसलोय. मला नाही बघवत. नेऊ दे."

मला लख्ख कळलं. प्रवाळं मरत नव्हती, कुणीतरी ती खात होतं. उपाशी होता तो. ती गेल्यापासून त्याला कुणी जेवायला घातलंच नव्हतं. मी म्हटलं, "मी येतेय. दिव्याला हात लावू नकोस," वाटेत थोडी कोळंबी घेतली आणि गुडघ्यांना शिव्या घालत ते तीन जिने चढले.

भाऊ दारात उभा. मी त्याला दामटून टाकीसमोरच्या खुर्चीत बसवलं. शेजारी दुसरी खुर्ची होती, तिच्यावर मी बसले नाही, मी स्टूल घेतलं. टाकीचे दिवे बंद झाले. मी घरातले घालवले. तिचा शिवणाचा डबा काढला. त्यात लाल कापडाचा तुकडा होता आणि अंगुस्तानही होतं. बॅटरीवर कापड बांधता बांधता मी त्याला सगळं सांगितलं. ग्लास, कोळंबी, जावईबापू, सगळं. तो ऐकत होता. अंधारात मला त्याचं तोंड दिसत नव्हतं ते बरंच झालं.

"वाजव," मी म्हटलं.

त्यानं नखानं काच वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली. काही नाही. भट्टीवर काम करून त्याची बोटं जाड झालेली, नखाचा आवाजसुद्धा बोथट. मी अंगुस्तान त्याच्या हातात दिलं. ते त्याच्या करंगळीच्या टोकावर जेमतेम बसलं.

टिक, टिक.

तो आला. कपारीतून घाईघाईनं, तिरका, पडत-धडपडत आला आणि त्या कोपऱ्यात उभा राहून नांग्या वर केल्या. मग जरा थांबला. पुन्हा केल्या. भावानं चिमटा उचलला, पण कोळंबी दोनदा सुटली. तिसऱ्यांदा खेकड्यानं ती घेतली आणि तिथेच बसून खाऊ लागला.

"रोज यायचा?" भावानं विचारलं.

"रोज."

"ती इथे बसायची? या खुर्चीत?"

"हो रे."

"एकटी."

"एकटी कशी? हा होता ना," मी म्हटलं, त्याला बरं वाटावं म्हणून.

"हा होता," भाऊ म्हणाला. "मी नव्हतो." आणि तो रडायला लागला, मोठ्यानं, लहानपणीही कधी रडला नव्हता तसा. मी त्याला रडू दिलं. खेकडा जेवत होता.

दुसऱ्या दिवशी दुकानवाला आला, सोबत नळ्या, पिंपं, दोन माणसं. मी त्याला मासेवाला म्हणते, त्याचा त्याला राग येतो. भाऊ म्हणाला, "मासे न्या. राहिलेली प्रवाळं न्या, तुमच्याकडे जगतील. टाकी, पाणी आणि तो एक खडक राहू द्या."

मासेवाल्यानं खडकाच्या कपारीत बघितलं. "काका, यात तर खेकडा आहे! लोक मला हा काढायला पैसे देतात, आणि तुम्ही बाकीचं देऊन हा ठेवताय? याचं काय करणार?"

मला वाटलं, आता मलाच बोलावं लागणार. मी तोंड उघडलंसुद्धा. पण भाऊच बोलला.

"मला दिवसपाळी मिळालीय," तो म्हणाला. "संध्याकाळी मी घरी असतो."

मासेवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ऐकलंस ना? उचल ते मासे आणि चल."

आता त्या टाकीत बघण्यासारखं काही नाही. पाणी, एक खडक आणि खेकडा, तोही दिवसा दिसत नाही. मुलगा आला होता, तो म्हणाला, बाबा, ही रिकामी टाकी कशाला ठेवलीय? भाऊ नुसता हं म्हणाला. दोन्ही खुर्च्या मात्र तशाच आहेत, समोर. मी संध्याकाळी फोन करते, एकटा आहे म्हणून, जेवला का विचारायला. कधी कधी तो उचलतो आणि अगदी हळू आवाजात, कुणी उठून जाईल म्हणून बोलावं तसं म्हणतो, "ताई, मग कर. जावईबापू जेवतायत."